सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही? घरची जुनी मारुती ८०० दुरुस्त करायला शिकताय, तर आधी हे वाचा

१४ डिसेंबर १९८३. इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरी करणारे दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हातात तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी एका छोट्या पांढऱ्या गाडीची किल्ली ठेवली. किंमत ४७,५०० रुपये. ती देशातली पहिली मारुती ८००.

हरपाल सिंग यांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर देशातली ही पहिली मारुती घराबाहेर उभ्या उभ्या गंजत राहिली. पुढे कंपनीनेच तिची डागडुजी केली आणि ती आपल्या दिल्लीतल्या मुख्यालयात मांडून ठेवली.

पण सगळ्याच गाड्यांचं नशीब असं नसतं. निर्यात धरून २८ लाखांहून अधिक मारुती ८०० बनल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. आजही कितीतरी घरांच्या अंगणात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरलेली एखादी ८०० दिसते. वडिलांनी घेतलेली असते. विकवत नाही आणि चालवताही येत नाही. मग एखाद्या रविवारी घरातलं कुणीतरी बॉनेट उघडतं आणि म्हणतं, "आपणच बघूया का जरा?"

बघायला हरकत काहीच नाही. उलट शिकण्यासाठी यापेक्षा सोपी गाडी मिळणं कठीण. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : आधी शोधायचं, मग खोलायचं. नवशिक्यांचे पैसे वाया जातात ते पाना धरता येत नाही म्हणून नाही, तर बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधीच पार्ट बदलले म्हणून.

हे शोधायचं कसं, ते एका उदाहरणातून समजून घेऊया. समजा, घरी १९९८ सालची मारुती ८०० आहे, सात-आठ महिने एकाच जागी उभी आहे आणि आता सुरू होत नाही.

शिकायला ८०० च का?

कारण तिच्यात लपवण्यासारखं फार काही नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर आणि साधारण साडेसहाशे किलो वजन. बॉनेट उघडलं की बॅटरी, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, रेडिएटर सगळं डोळ्यांसमोर.

१९९८ च्या मॉडेलला कार्बोरेटर आहे. म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करण्याचं काम कॉम्प्युटर करत नाही, एक यांत्रिक भांडं करतं. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि एमपीएफआय इंजिन आलं, त्यात हेच काम सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक युनिटकडे गेलं. त्या गाड्या वाईट नाहीत, पण त्यांचा आजार नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. कार्बोरेटरवाल्या गाडीचा बराचसा दिसतो, ऐकू येतो, वासावरूनही कळतो.

शिवाय पार्ट मिळतात. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड हे भाग जुन्या-नव्या पार्टसाठी ओळखले जातात. तालुक्याच्या गावातल्या दुकानातही ८०० चा प्लग, फिल्टर, बेल्ट सहसा निघतोच.

हत्यारं कमी, पण बरोबर

पहिल्याच दिवशी मोठा टूलबॉक्स आणायची गरज नाही. एवढं पुरे :

- १०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग आणि फिक्स पाने
- गोटी पान्याचा छोटा सेट, त्यात प्लग काढायची गोटी हवीच
- पक्कड आणि दोन प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर
- साधा डिजिटल मल्टीमीटर
- चांगली टॉर्च, जुने सुती कपडे, हातमोजे
- दोन जॅक स्टँड आणि चाकाला लावायचे लाकडी ठोकळे

आणि एक वही. हो, वही! काय काढलं, कुठून काढलं, काय दिसलं, हे लिहायचं. प्रत्येक पार्ट काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यायचा. काढलेले नट-बोल्ट रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवायचे. काम संपल्यावर दोन बोल्ट उरले आणि ते कुठले हेच आठवत नाही, ही वेळ वहीमुळे टळते.

नट आवळताना आधी हाताने फिरवायचा, मग पाना लावायचा. तिरका बसलेला बोल्ट पान्याने रेटला की आटे गेलेच म्हणून समजा. दहा रुपयांचा बोल्ट वाचवायला जाऊन हजारोंचं काम निघतं ते असं.

या चुकांना दुसरी संधी नसते

इंजिनची चूक पैशांवर भागते. खालच्या चुका जिवावर येतात.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तो सरकतो, कलतो, मातीत रुततो. गाडी उचलली की लगेच तिच्या खाली, कंपनीने नेमून दिलेल्या जागी जॅक स्टँड लावायचे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून तर मुळीच नाही, ते वजनाखाली एका क्षणात फुटतात. गाडी ८०० असली तरी छातीवर आलेले साडेसहाशे किलो हे साडेसहाशे किलोच असतात.

उचलण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावायचे. ८०० चा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो. त्यामुळे मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य. अशा वेळी पुढच्या चाकांना ठोकळे हवेतच.

बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

पेट्रोलजवळ ठिणगी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, जमिनीलगत पसरत राहते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. सिगारेट, देवघरातला दिवा, सुरू असलेला गॅस, सगळं लांब.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच पुसा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

आता गाडीकडे : ती नेमकं काय म्हणते?

"गाडी चालू होत नाही" एवढं पुरेसं नाही. किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं, ते ऐकायचं.

*काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचा दिवाही नाही :* बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सुटलं आहे.

*टक-टक-टक असा भराभर आवाज :* बॅटरी कमजोर किंवा टर्मिनलवर गंज.

*दिवे छान प्रखर आणि एकच जोरात "टक" :* संशय स्टार्टर मोटरवर.

*सेल्फ दमल्यासारखा सावकाश फिरतो :* पुन्हा बॅटरी किंवा तिच्या जाड केबलचा जोड.

*सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही :* बॅटरी ठीक. आता स्पार्क आणि पेट्रोल बघायचं.

*सुरू होते आणि लगेच बंद पडते :* पेट्रोल पुरेसं येत नाही किंवा कार्बोरेटरमध्ये कचरा.

एक सोपी युक्ती : हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम विझल्यासारखे झाले तर दोष बॅटरी किंवा टर्मिनलचा. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ फिरलाच नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचत नाही किंवा मोटरच बिघडली आहे.

बघा, एकही नट न काढता अर्धं निदान झालं.

बॅटरी : सर्वात आधी आणि सर्वात स्वस्त तपासणी

सात-आठ महिने उभ्या गाडीत बॅटरी उतरलेली असणारच. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलला लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा. किती तरी "मेलेल्या" बॅटऱ्या एवढ्यानेच जिवंत होतात.

टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. कारण गाडीचं सगळं पत्र्याचं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होतं.

गाडी सुरू झाल्यावर पुन्हा मीटर लावा. १३.८ ते १४.५ दिसलं म्हणजे अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतोय. आकडा १२ वरच अडकला असेल तर नवी बॅटरी घेऊनही ती काही दिवसांत उतरणार. अनेकजण इथेच फसतात. बॅटरी बदलतात आणि आजार तसाच राहतो.

सेल्फ जोरात फिरतो, मग अडतंय कुठे?

पेट्रोलच्या इंजिनला पेट घ्यायला तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. शिवाय ते मिश्रण सिलिंडरमध्ये नीट दाबलं जायला हवं. बिघाड कितीही गूढ वाटला, तरी तो या चारांपैकी कशात तरी असतो.

हवेचा वाटा ऐकून आश्चर्य वाटेल. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळपास पंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणून पहिलं काम एअर फिल्टरचं झाकण उघडायचं. बराच काळ उभ्या गाडीत इथे उंदराचं घरटं सापडणं ही नवलाची गोष्ट नाही. त्यासोबत कुरतडलेल्या वायरीही सापडतात, म्हणून बॉनेटखालच्या सगळ्या वायरींवरून एकदा टॉर्च फिरवायची.

ठिणगी पडते का?

इंजिन थंड असताना प्लगची वायर काढा. वायर ओढायची नाही, टोकाचं रबरी बूट धरून काढायचं. तीन वायरी आहेत, त्यांना १, २, ३ अशा चिकटपट्ट्या लावा. वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते, इंजिन फटफट करतं, कधी कार्बोरेटरमधून फटाका फुटल्यासारखा जाळही येतो.

प्लग बाहेर काढल्यावर त्याचं टोक बघा. तो इंजिनचा आरोग्य अहवालच आहे.

- फिकट तपकिरी : सगळं ठीक
- कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी
- तेलकट काळा : ऑइल सिलिंडरमध्ये शिरतंय
- पेट्रोलने ओला : पेट्रोल येतंय, पण पेटत नाही
- पांढरट, भाजल्यासारखा : पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त गरम

ठिणगी तपासायला बाजारात छोटा स्पार्क टेस्टर मिळतो, नवशिक्याने तोच वापरावा. या वायरीत हजारो व्होल्ट असतात. हातात धरून बघायचा प्रयोग नको आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास असताना तर नकोच. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळसर, मलूल असेल किंवा पडतच नसेल, तर दोष प्लग, वायर, कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटर यांपैकी कशात तरी आहे.

कोकणात किंवा मुंबईच्या पावसात गाडी उभी असेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतून बघाच. आत ओल धरली किंवा झाकणाला बारीक तडा गेला की ठिणगी भलतीकडेच वाहून जाते. कोरड्या कपड्याने पुसल्यावर सुरू झालेल्या गाड्या कमी नाहीत.

प्लग परत बसवताना तो आधी हाताने आटे धरून फिरवायचा. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, मऊ असतं. इथले आटे गेले तर लेथवाल्याकडेच जावं लागतं.

पेट्रोल येतंय का?

आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघा! जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. काटा पाव टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते, हा अनुभव अनेकांचा आहे.

दुसरी गोष्ट वास. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं. त्याचा नेहमीचा तिखट वास जातो आणि वॉर्निशसारखा वास येतो. असं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं. ते काढून ताजं भरण्याला पर्याय नाही.

या गाडीत पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो आणि इंजिन फिरलं की तो चालतो. म्हणून तपासणी सोपी आहे. कॉइलची मुख्य वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून धातूच्या छोट्या डब्यात सोडा आणि कुणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल उचकी दिल्यासारखं थांबून थांबून आलं म्हणजे पंप चालू आहे. काहीच आलं नाही तर फिल्टर तुंबलेला, पाइपला चीर पडून हवा ओढली जाते किंवा पंपाचा आतला पडदा फाटलेला. हे काम उघड्यावर करायचं, एकट्याने करायचं नाही आणि अग्निशामक किंवा निदान कोरडी वाळू हाताशी हवी.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय आणि तरी गाडी धडधडत बंद पडते, तर जेटमध्ये कचरा अडकला असण्याची शक्यता जास्त. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा यांनी जेट साफ करतात. त्यात तार किंवा सुई घालू नका. छिद्र केसभर जरी मोठं झालं, तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

ई-२० पेट्रोल आणि जुनी गाडी

हा प्रश्न आता हमखास विचारला जातो. देशभरातल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९९८ ची गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

इथेनॉल दोन गोष्टी करतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि काही जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं किंवा मऊ करतं. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बोटाने दाबून बघायचे. चिकट लागले, फुगलेले दिसले, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर लगेच बदलायचे आणि दुकानात इथेनॉल चालणारा पाइप मागून घ्यायचा. गरम इंजिनवर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे पेटत्या गाडीची पहिली पायरी. या पाइपांवर काटकसर करू नका.

आणि गाडी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. थोडं पेट्रोल ठेवा आणि गाडी वापरात ठेवा.

सुरू झाली! पण रस्त्यावर जायची घाई नको

इंजिन सुरू झाल्याचा आनंद मोठा असतो. सगळं घर बाहेर येतं, कुणीतरी व्हिडिओ काढतं आणि लगेच "एक चक्कर मारून येऊ" असं ठरतं. खरा धोका इथून सुरू होतो. कारण न चालणारी गाडी कुणाला धडकत नाही, न थांबणारी धडकते.

उभ्या गाडीचे ब्रेक सर्वात आधी बिघडतात. पुढच्या डिस्कवर गंज चढतो. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. म्हणूनच गाडी दीर्घकाळ ठेवताना हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावतात.

रस्त्यावर जाण्याआधी एवढं बघा :

- ब्रेक ऑइलची पातळी. कमी असेल तर ते कुठेतरी गळतंय.
- पेडल पूर्ण दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली गेलं तर आत गळती आहे. स्पंजसारखं लागलं तर पाइपात हवा आहे.
- मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओला डाग आहे का? तिथला व्हील सिलिंडर गळत असू शकतो.
- टायरवरचा चार आकडी कोड. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. जाळी शाबूत असूनही बाजूला चिरा पडल्या असतील तर तो टायर गेला.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. यातली एक जरी गोष्ट खटकली, तर ब्रेकचं काम मेकॅनिककडे द्या. बाजूला उभं राहून बघा, विचारा, दुसऱ्या वेळी त्याच्या देखरेखीखाली स्वतः करा. ब्रेक हा पहिला धडा नव्हे.

त्याच न्यायाने टायमिंग बेल्ट, स्टिअरिंगचे जोड आणि क्लच ही कामंही सुरुवातीला जाणत्या हातांकडेच. टायमिंग बेल्ट रबराचा असतो. गाडी न चालताही तो वयाने कडक होतो. शेवटचा कधी बदलला हे कुणालाच आठवत नसेल, तर तो बदलायची वेळ झालीच आहे.

ऑइलची दांडी काढून बघायला मात्र कुणाची परवानगी नको. काळं ऑइल म्हणजे जुनं झालंय, बदला. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट गेल्याची ती खूण असू शकते. अशी गाडी पुढे चालवू नका. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतायचं नाही, तो घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते पुनर्वापरासाठी जातं.

कागदपत्रं विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे १९९८ च्या गाडीची मुदत २०१३ ला संपली. तेव्हापासून वेळेवर नूतनीकरण केलं असेल तर ती २०२८ पर्यंत वैध आहे.

हे नूतनीकरण आता स्वस्त राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये करण्यात आलं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या गाड्यांचे नियम आणखी वेगळे आहेत.

म्हणून दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी आरसी काढून तारीख बघा. पत्रा कितपत गंजला आहे, विशेषतः खालचा तळ आणि सस्पेन्शन जिथे जोडलं आहे ती जागा, ते तपासा. इंजिन पुन्हा उभं करता येतं. कुजलेल्या सांगाड्याची गाडी मात्र तपासणीत अडते आणि अपघातात वाचवतही नाही. अशा गाडीला नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात निरोप देणं हाच शहाणपणा.

नोंदणी, विमा आणि पीयूसी या तिन्ही गोष्टी वैध नसतील तर "फक्त ट्रायल" म्हणूनही रस्त्यावर नेऊ नका. पहिली चाचणी आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, आणि सुरुवात ब्रेकपासून.

मग यातून मिळतं काय?

खरं सांगायचं तर घरी केलेल्या दुरुस्तीतून दरवेळी पैसे वाचतीलच असं नाही. हत्यारं घ्यावी लागतात, एखादा पार्ट चुकून मोडतो, एका तासाचं काम दोन रविवार खातं. सोसायटीत राहत असाल तर पार्किंगमधल्या ऑइलच्या डागावरून चार शब्दही ऐकावे लागतात.

पण एक बदल नक्की होतो. आधी मेकॅनिकला सांगितलं जायचं, "गाडी चालू होत नाही, बघा जरा." आता सांगितलं जातं, "बॅटरी १२.६ आहे, सेल्फ जोरात फिरतो, ठिणगी निळी पडते, पण कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येत नाही." हे वाक्य ऐकलं की मेकॅनिक थेट पंपाकडे वळतो. अंदाजाने चार पार्ट बदलले जात नाहीत आणि बिलही तेवढंच होतं, जेवढं काम झालं.

त्यामुळे पुढच्या रविवारी ताडपत्री काढलीत, तर पाना हातात घ्यायच्या आधी किल्ली फिरवा आणि नीट ऐका. वहीत पहिली ओळ तीच लिहा : किल्ली फिरवल्यावर काय झालं.